काचा बंद, एसी चालू, तरी उजवाच गाल का काळवंडतो?

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे का ते ताडून बघता येईल.

उजव्या गालावर डोळ्याखालून कानाकडे गेलेला तपकिरी पट्टा. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत डाव्यापेक्षा दोन छटा गडद. कातडी कधी लाल झाली नाही, जळजळली नाही, साल निघाली नाही. मेच्या सुट्टीत रंग जरा निवळायचा आणि जूनमध्ये कॉलेज सुरू झालं की पुन्हा जैसे थे, आभाळ भरलेलं असलं तरी. सलग तीन वर्षं हेच.

मी सोलापुरात विजापूर रोडला राहते आणि तुळजापूरला शिकवते. जायला पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर, यायला तेवढेच. सकाळी आठच्या आसपास निघायचं, साडेचारला परत फिरायचं. गाडी मीच चालवते.

उपाय सांगणाऱ्यांची कमी नव्हती. सासूबाईंचं निदान पहिल्या दिवसापासून ठरलेलं: "पित्त हाय गं ते, सब्जा भिजवून पी." शेजारच्या काकूंनी मुलतानी माती दिली. पार्लरमध्ये 'टॅन रिमूव्हल' करून घेतलं, ते चार दिवस टिकलं. हे सगळं निदान निरुपद्रवी तरी होतं. पण एकीने मेडिकलमधून मागवून दिलेलं 'डाग जाणारं' क्रीम मी दोन आठवडे लावलं, ती माझी सगळ्यात मोठी चूक. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

खरं तर उत्तर घरातच होतं, डिकीत घडी करून ठेवलेलं. गाडी घेण्याआधी कित्येक वर्षं मी घरापासून एसटी स्टँडपर्यंत स्कूटरने जायची आणि तिथून बस पकडायची. स्कूटरवर म्हणजे सोलापुरी थाटात: सनकोट, हातमोजे, डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये. गल्लीतली पोरं दरोडेखोर म्हणायची. तेव्हा गालावर काही नव्हतं. गाडी आली आणि पहिल्याच दिवशी सनकोट डिकीत गेला. एवढं गुंडाळूनच बसायचं तर गाडी घेतली कशाला, असं मीच म्हणाले होते. पट्टा उठला तो त्यानंतरच्या वर्षात, आणि ही सांगड घालायला मला तीन वर्षं लागली. काच बंद, एसी गार, मग ऊन लागेलच कसं, अशी माझी पक्की समजूत होती.

चष्म्याने लावलेला छडा

माझा चष्मा उन्हात काळा होणारा आहे. चष्म्याच्या दुकानात मी तक्रार घेऊन गेले की गाडी चालवताना काच काळी होतच नाही, पैसे वाया गेले. दुकानदार हसला. म्हणाला, "म्याडम, भिंगात दोष न्हाई. तुमच्या पुढच्या काचेतनं अतिनील किरणं आतच येत न्हाईत, मग भिंग काळं कशानं होणार?"

मला वाटलं, चला, म्हणजे गाडीत ऊन लागत नाही हे सिद्धच झालं. पण त्याच आठवड्यात सिग्नलला थांबले असताना चष्मा काढून हातात धरला होता, दरवाज्याच्या काचेजवळ. हिरवा दिवा लागेपर्यंत उजवं भिंग धुरकट झालेलं.

मग रविवारी सकाळी गाडी अंगणात उभी करून नीट करून पाहिलं. तुम्हीही करा, खर्च शून्य. चष्मा आधी पुढच्या काचेच्या आत, काचेला जवळजवळ टेकवून, थेट उन्हात दोन मिनिटं धरायचा. मग सावलीत ठेवून भिंग पुन्हा स्वच्छ होऊ द्यायचं. नंतर तोच चष्मा चालकाच्या दरवाज्याच्या काचेआड तेवढाच वेळ. माझ्याकडे पुढच्या काचेआड भिंग जवळपास पारदर्शक राहिलं आणि दरवाज्याच्या काचेआड चांगलंच काळवंडलं. हे सकाळी गारव्यातच करायचं, कारण ही भिंगं तापली की कमी काळी होतात. सोलापूरच्या दुपारी तापलेल्या गाडीत हा प्रयोग केलात तर काच चांगली आहे असा खोटा निकाल मिळेल. असा चष्मा घरात नसेल तर खेळण्यातले उन्हात रंग बदलणारे मणी मिळतात, तेही चालतात.

एकाच गाडीत दोन जातींच्या काचा

पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर. दगड लागला तर काच तडकावी पण तुकडे तोंडावर येऊ नयेत म्हणून तो थर. पण तोच थर अतिनील किरणंही जवळजवळ सगळी शोषून घेतो. दरवाज्यांच्या काचा मात्र सहसा टफन्ड असतात. फुटल्या की खडीसाखरेसारखा चुरा होतो. त्यांच्यात असा थर नसतो.

आता उन्हातल्या अतिनील किरणांचे आपल्याला लागणारे दोन प्रकार. यूव्हीबी कातडी भाजतं, लाल करतं. ते कुठलीही साधी काच बहुतेक अडवते. यूव्हीए त्याहून खोल जातं, रंगद्रव्य वाढवतं, सुरकुत्या आणतं, आणि ते दरवाज्याच्या काचेतून आत येतं. म्हणून तर माझा गाल काळवंडला पण कधी भाजला नाही. भाजलं असतं तर पहिल्याच आठवड्यात मी सावध झाले असते. आभाळ आलं तरी यूव्हीएचा मोठा हिस्सा ढगांतून खाली पोचतोच, म्हणून जूनमध्येही माझा पट्टा परत यायचा. आणि उकाड्याचा याच्याशी संबंध नाही. एसीने गाल गार राहतो, किरणं तेवढीच लागतात.

किती येतं? २०१६ साली अमेरिकेत २९ गाड्यांच्या काचा मोजल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढच्या काचा सरासरी ९६ टक्के यूव्हीए अडवत होत्या. चालकाच्या बाजूच्या काचा सरासरी ७१ टक्के, पण गाडीगणिक हा आकडा ४४ पासून ९६ पर्यंत कुठेही होता. म्हणजे 'गाडीची काच' अशी सरसकट गोष्टच नाही, तुमच्या गाडीची काच तपासावी लागते. याचा टोकाचा परिणाम बघायचा असेल तर २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आलेला फोटो आहे: ६९ वर्षांचा ट्रकचालक, २८ वर्षं माल पोचवण्याचं काम, चेहऱ्याचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा वीसेक वर्षांनी म्हातारा दिसणारा. तिकडे चालक डावीकडे बसतो. आपल्याकडे हिशेब उजवीकडचा.

जाता जाता, काकूंचं एक म्हणणं होतं की गाडीत ऊन लागतंय तर बरंच आहे, ड जीवनसत्त्व मिळेल. ते मिळत नाही. त्यासाठी यूव्हीबी लागतं आणि तेच नेमकं काच अडवते. तोटा आत येतो, फायदा बाहेर राहतो.

माझ्या गाडीत आणखी एक भानगड निघाली. गाडी जुनी घेतलेली. चष्म्याचा प्रयोग चारही दरवाज्यांवर केला तर चालकाच्या काचेआड भिंग सगळ्यात जास्त काळं झालं. प्रत्येक काचेच्या खालच्या कोपऱ्यात कंपनीचा छाप असतो. तीन काचांवर एक आणि चालकाच्या काचेवर वेगळाच. गॅरेजवाल्याने बघितल्याबरोबर सांगितलं, "ही आधीच्या मालकानं बदललेली हाय. लोकल टाकलीय." जुनी गाडी घेताना इंजिन, टायर, चेसी नंबर सगळं बघितलं होतं, काचेचा कोपरा कोण बघतं? गाडीच्या मूळ काचेसारखीच मागवून बसवली. भिंग आता कमी काळं होतं, पण होतं. म्हणजे नुसत्या काचेने भागलं नाही.

तुमचा रस्ता कुठल्या दिशेला जातो?

हा भाग मला सगळ्यात उशिरा कळला, आणि निम्मं उत्तर इथेच आहे.

तुळजापूर सोलापूरच्या उत्तरेला, किंचित पूर्वेकडे कललेलं. सकाळी जाताना सूर्य पूर्वेला, म्हणजे माझ्या उजवीकडे. संध्याकाळी परत येताना तोंड दक्षिणेकडे आणि सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा उजवीकडे. दिवसातून दोनदा, तोच गाल, तोच हात. शेजारी बसणाऱ्या माझ्या सहकारी मॅडम दोन्ही वेळा सावलीत. त्यांच्या गालावर काही नाही आणि माझ्याच का, हे कोडं पित्ताने सुटणार नव्हतं.

याच्या अगदी उलट विजापूर रस्ता. सकाळी दक्षिणेला जायचं आणि संध्याकाळी परतायचं, तर दोन्ही वेळा ऊन डावीकडे. चालक सुटतो, शेजारचा माणूस सापडतो. अक्कलकोटला सकाळी जाऊन संध्याकाळी आलात तर ऊन बरंचसं समोरून, म्हणजे चांगल्या काचेतून येतं. डोळ्यांना त्रास, कातडीला कमी. पंढरपूरला सकाळी जाताना ऊन पाठीमागे, संध्याकाळी येतानाही पाठीमागे. मागच्या सीटवर पोरं बसली असतील तर मागची काच कशी आहे ते बघा. पुण्याहून येताना उन्हाळ्यापेक्षा हिवाळा वाईट. डिसेंबर-जानेवारीत दुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि मोहोळ, टेंभुर्णीच्या बाजूने आग्नेयेला येणाऱ्या चालकाच्या तो बरोबर उजव्या अंगाला येतो. 'हवा किती छान आहे' म्हणत आपण तीन-चार तास त्यात बसतो.

वेळेचाही एक चकवा आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा गाडीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही, कारण ते छतावर पडतं. आत भट्टी होते ती वेगळी गोष्ट. गाडीत सापडतो तो आठ ते दहा आणि चार ते सहा या वेळात, कारण तेव्हाचं तिरपं ऊन दरवाज्याच्या काचेतून सरळ मांडीवर येऊन बसतं. यूव्हीबी दुपारी जोरात असतं आणि सकाळ-संध्याकाळ खूप उतरतं. यूव्हीए त्या मानाने दिवसभर पसरलेलं असतं. कोवळं ऊन अंगणात बसून घ्यायला चांगलं, गाडीत ते तेवढं कोवळं राहत नाही.

जे करून फसले

टॉवेल. सोलापूरकराला दुसरं काय सुचणार? जाडजूड सोलापुरी टॉवेल काचेत अडकवला. ऊन थांबलं आणि उजवा आरसाही दिसेनासा झाला. तामलवाडीजवळ उजवीकडून पुढे जाणारा ट्रक मला दिसलाच नाही, फक्त हॉर्न ऐकू आला. टॉवेल त्याच क्षणी खाली आला. चालत्या गाडीत चालकाच्या आणि त्याच्या शेजारच्या काचेला काहीही अडकवू नका, अगदी ती बाजारात मिळणारी जाळीसुद्धा नको. जाळी गाडी उभी असताना लावा, सीट तरी कमी तापेल.

काळी फिल्म. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालात काचांवर फिल्म चिकटवायला बंदी घातली, टक्केवारी कितीही असो. काच कारखान्यातूनच रंगीत आली तरी पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, असा नियम आहे. पुढे नियमांत काचेच्या व्याख्येत बदल झाला आणि केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ही मर्यादा पाळणारी फिल्म चालते असं म्हटलं. पण नाक्यावर उभं राहून हवालदाराला हे समजावून सांगण्याची माझी तयारी नाही. शिवाय गंमत अशी की काळेपणाचा आणि यूव्हीए अडवण्याचा थेट संबंध नसतो. पारदर्शक दिसणारी चांगली काच सगळं अडवू शकते आणि स्वस्त काळी फिल्म फक्त अंधार करते.

आणि ते क्रीम. दोन आठवड्यांत डाग खरंच फिका झाला, मला कोण आनंद! बंद केलं आणि गाल लाल, खाजरा, डाग आधीपेक्षा गडद. स्किनच्या डॉक्टरांनी ट्यूब हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली आणि सांगितलं की यात स्टेरॉइड आहे. अशी क्रीमं चिठ्ठीशिवाय घ्यायचीच नसतात. मनाने लावत राहिलं तर कातडी पातळ होते, केस उगवतात, मुरमं येतात, आणि बंद केलं की सगळं उसळून येतं.

आता काय करते

हातासाठी सगळ्यात सोपा उपाय बाह्यांचा. दुचाकीवाले घालतात त्या नुसत्या हाताच्या बाह्या, गडद रंगाच्या, घट्ट विणीच्या. कापड उजेडाकडे धरून बघा. आरपार उजेड दिसला तर किरणंही जातील. पातळ पांढरी सुती ओढणी आपल्याला गार वाटते म्हणून ती संरक्षण देते असं नाही. मी फक्त उजव्या हाताला बाही घालते. विद्यार्थी हसतात. हसू देत.

चेहऱ्यासाठी सनस्क्रीन, पण ते निवडताना आपण नेमका चुकीचा आकडा बघतो. एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीचं माप आहे, आणि गाडीत यूव्हीबी जवळपास नसतंच. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी अडवतं. त्या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा डब्यावर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' आणि 'पीए' पुढे तीन-चार अधिक चिन्हं आहेत का ते बघा. यूव्हीएचं माप ते. माझा डाग नुसता टॅन नसून वांग आहे हे डॉक्टरांनी सांगितलं, आणि वांगाला डोळ्यांना दिसणारा उजेडही वाढवतो. म्हणून त्यांनी रंगीत, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन दिलं. त्याने चेहरा पीठ फासल्यासारखा पांढराही दिसत नाही, हा वरचा फायदा.

लावायचं किती? तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापर्यंत दोन रेघा, चेहरा आणि मानेला मिळून. मी आधी वाटाण्याएवढं लावून सनस्क्रीनला नावं ठेवत होते. निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावते, म्हणजे डबा भरायच्या आधी. कान, मानेची उजवी बाजू आणि स्टिअरिंगवरच्या हाताची पाठ विसरायची नाही. मी शेवटचं नेहमी विसरायची. सकाळचं संध्याकाळपर्यंत टिकत नाही. घामाने आणि रुमालाने जातं. म्हणून परत निघताना तोंड धुऊन पुन्हा लावायचं. परतीच्या वेळी कंटाळा केला तर निम्मं काम वाया, कारण संध्याकाळचं ऊनही त्याच गालावर येतं.

आणि ट्यूब गाडीत ठेवू नका. उन्हाळ्यात बंद गाडीतलं तापमान सहज साठ अंशांच्या वर जातं, डॅशबोर्ड त्याहून तापतो. फुटलेल्या दह्यासारखं पाणी वेगळं झालेलं सनस्क्रीन निघालं तर ते फेकून द्या. पर्समध्ये ठेवलं की भागतं.

हे सगळं केलं तरी वांग महिन्याभरात जात नाही. माझा हात तीन महिन्यांत बराचसा सारखा झाला, गालाला वर्ष होत आलं तरी जवळून बघितलं तर पुसट दिसतो. वांगाला ऊन हे एकच कारण नसतं. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, घराण्यातली ठेवण, हेही त्यात येतं. त्यामुळे दोन्ही गालांवर सारखा डाग असेल तर गाडीला दोष देण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आणि एखादा ठिपका आकाराने वाढतोय, त्यातून रक्त येतंय किंवा जखम भरतच नाही असं असेल तर चष्म्याचे प्रयोग करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

फरक पडतोय की नाही हे आरशात कळत नाही, कारण रोज बघून डोळा सरावतो. महिन्याच्या एक तारखेला, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला दोन्ही गालांचा आणि दोन्ही हातांचा शेजारी ठेवून फोटो काढते. फोटो दाखवले तेव्हा सासूबाईंनी ते पुन्हा पुन्हा निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "सब्जानं फरक पडला बघ."

शेजारी बसणाऱ्या मॅडमना मी दिशांचं गणित कागदावर काढून दाखवलं, तेव्हा त्या जरा ओशाळल्या. त्यांच्याकडेही गाडी आहे, पण माझीच नेली की त्यांचं ड्रायव्हिंग वाचायचं. आता एक आठवडा त्यांची गाडी, एक आठवडा माझी. ऊन वाटून घेतलंय. त्यांच्या गाडीच्या काचा मी चष्मा लावून तपासल्या. त्यांची उजवी काच माझ्यापेक्षा बरी निघाली. बाही मात्र त्यांनी अजून घेतलेली नाही, आणि येत्या सोमवारपासून पाळी त्यांची आहे.